बोटीत उभे राहू नये

माझं माहेर आणे गावचं. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेचं ते पठार. तिथं पाणी टँकरमधून यायचं आणि हंड्यातून घरात जायचं. हंड्यापेक्षा जास्त पाणी एका जागी पाहायची मला सवय नव्हती. लग्न ठरताना मुलाकडच्यांनी सांगितलं, आमचं गाव धरणात गेलं. आमच्या घरी याचा अर्थ, सासरी पाणी भरपूर आहे, असा घेतला गेला आणि वडील खूश झाले.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सासरचं गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरात. पाणी चढलं तेव्हा निम्मे लोक खाली कालव्याच्या बाजूला गेले आणि निम्मे तिथंच डोंगराच्या अंगावर वर सरकले. सासरे सरकणाऱ्यांपैकी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आम्ही दोघं मंचरला भाड्याच्या खोलीत राहायचो. नवरा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात आणि मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायला. सासऱ्यांकडे जायचं तर एसटीनं पाण्याच्या काठापर्यंत आणि पुढं बोटीनं. रस्ता होता, पण सगळ्या पाण्याला वळसा घालून जाणारा, आणि पावसाळ्यात तोही दरडीखाली असायचा. आम्हाला न्यायला सासरे दर वेळी बोटीनं अलीकडच्या काठाला यायचे.

बोट लोखंडी पत्र्याची. तिच्या मधोमध विहिरीवर असतं तसलं डिझेल इंजिन, हँडल मारून सुरू करायचं. दोन्ही बाजूंना बसायला फळ्या. त्यांवर माणसं, मध्ये दुधाचे कॅन, हिरड्याची पोती, पाय बांधलेल्या कोंबड्या. बोटवाला त्याच बुडालेल्या गावचा. तो इंजिनाशी जे बोलायचा ते बायकांसमोर बोलण्यासारखं नसायचं, पण इंजिन ऐकायचं.

लग्नानंतर पहिल्यांदा त्या बोटीत बसले तेव्हा बरोबर मध्यावर बोटवाल्यानं इंजिन बंद केलं. मला वाटलं, बिघडलं. तेवढ्यात सगळे उठले. चपला काढल्या, डाव्या काठाशी सरकले आणि पाण्याकडे तोंड करून हात जोडून उभे राहिले. बोट डावीकडे कलली. उजव्या फळीवर हिरवा चुडा घातलेली मी एकटी बसून होते. सगळं सासर खाली चाललं होतं आणि मी वर.

नवऱ्यानं खुणेनं सांगितलं, ऊठ. मी फळी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. ती सोडायचं कसं ते मला कळेना.

खाली भैरवनाथाचं देऊळ होतं. पाण्याच्या तळाला, जुन्या गावात. काठावरचं उंबराचं झाड आणि मागच्या डोंगरातली खाच एका रेषेत आली की बोट देवळाच्या डोक्यावर आली, असं सगळे मानत. तिथं इंजिन बंद करायचं, कारण देवाच्या डोक्यावर आवाज नको. मग उभं राहून नमस्कार. आणि नमस्कारात पहिला मान आमच्या घराचा. देवळातल्या दिव्याला तेल घालायचं काम पिढ्यानपिढ्या आमच्या घराकडे होतं. दिवा पाण्याखाली गेला, काम गेलं नाही. सासरे खिशातून औषधाची छोटी बाटली काढायचे, काठावरून पाण्यापर्यंत वाकायचे आणि तेलाचे चार थेंब सोडायचे. ते थेंब पाण्यावर पसरेपर्यंत सगळे उभे.

सासऱ्यांचे गुडघे गेलेले होते. एका डोळ्यात मोतीबिंदू. तरुणपणी ते नदीत पोहलेले, तेवढ्या भांडवलावर ते या पाण्यालाही ओळखत असल्यासारखे वागायचे. पण ती कमरेइतक्या डोहांची नदी होती. आता खाली अख्खं गाव, झाडं आणि देऊळ मावलं होतं.

मला देवाशी काही भांडण नव्हतं. लोकांनी काय करावं हेही सांगायचं नव्हतं. सासऱ्यांनी बोटीत बसून राहावं, एवढंच मला हवं होतं. पुढची कित्येक वर्षं मी एवढंच मागत राहिले.

“मामा, बसून हात जोडले तर चालणार नाही का?” एकदा त्यांच्या ओट्यावर बसून मी विचारलं.

“बसून?” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी झोपून म्हटलं होतं. “घरी पावणं आलं तरी आपण उठून उभं ऱ्हातो. त्यो तर देव हाय.”

“पण इथं पाहुणे आपण. तो त्याच्या घरात आहे. घरमालक पाहुण्याला बस म्हणतो.”

त्यांनी यावर बराच विचार केला. वाद त्यांना आवडायचा. “म्हणंल की. पण त्यानं म्हणायच्या आदी बसायचं नसतं.”

“मूर्ती तर वर आणलीय ना, नव्या देवळात?”

“मूर्ती आणली. जागा कशी आणायची?”

आठवीच्या वर्गाला मी गुरुत्वमध्य शिकवायचे. मग एका रविवारी मी घमेल्यात पाणी घेतलं, त्यात वाटी सोडली आणि वाटीत शेंगदाणे ठेवले. शेंगदाणे नीट पसरलेले असले तर वाटी तरंगते. सगळे एका कडेला सरकवले की वाटी कलते, पाणी घेते आणि खाली जाते. प्रयोग पहिल्याच खेपेला साधला. वर्गात कधी साधत नाही. सासरे वाकून बघत होते. त्यांनी भिजलेले शेंगदाणे पाण्यातून वेचून खाल्ले आणि म्हणाले, “समदं बरोबर हाय. पण ह्या वाटीत बोटवाला कुठं हाय? त्यो तोलतो.”

बोटवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, “बाई, मी कशाचा तोलतोय? मीबी तवा हात जोडून उभा असतो.”

“मग भाऊ, तुम्ही तरी सांगा ना लोकांना बसायला.”

“मी सांगू?” तो हसला. “मला ह्याच लोकांत ऱ्हायाचंय. तुमी मंचरला जाल निघून.”

नवऱ्याचं म्हणणं, तू त्या फंदात पडू नकोस. तोही उभा राहायचा. दुकानात त्याला गिऱ्हाइकाशी खोटं बोललं तर पाप लागायचं नाही, पण बोटीत बसून राहिलं तर लागायचं. या विषयावर आमचं भांडण झालं नाही असा गणपतीतला एकही प्रवास मला आठवत नाही.

त्यामुळे मी एकच करू शकत होते. सासरे वाकले की मागून त्यांच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरून बसायचं. बसूनच. एका हातानं फळी, एका हातानं सदरा. लोकांना सवय झाली. दुधाचे कॅन घेऊन येणारी एक बाई रोजच्या बोटीत असायची, तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणायची, “बाईंनी सासरा दावणीला बांधलाय.” सगळी बोट हसायची. सासरेही.

एका श्रावणात वारा होता. इंजिन बंद झालं, सगळे डावीकडे आले, सासरे वाकले, आणि त्याच वेळी बाजूनं लाट आली. पाणी काठावरून आत आलं. एक कॅन आडवा होऊन दूध पायांखालून वाहत गेलं. सासऱ्यांचा तोल गेला, बाटली पाण्यात पडली आणि त्यांचा एक पाय हवेत. सदऱ्याचं टोक माझ्या मुठीत होतं. शिवण उसवल्याचा आवाज मी ऐकला. बोटवाल्यानं उडी मारून त्यांना बगलेत धरलं आणि मागं ओढलं. सगळे धडाधडा आपापल्या जागी बसले. त्या बोटीत मी पहिल्यांदाच सगळ्यांना बसलेलं पाहिलं, आणि मला वाटलं, चला, आता कळलं.

बोट काठाला लागली. उतरताना दुधाची बाई म्हणाली, “बाई, राग मानू नगा. पण तुमी सदरा वढला म्हणून त्ये हाललं.”

आणि बोट बुडाली नाही ती कुणामुळे, यावर तर वादच नव्हता.

दोन हजार सालानंतर सरकारदरबारी कुणाला तरी आमच्या बोटीची आठवण झाली. कुठं तरी लांब एक बोट उलटली होती, पेपरात आलं होतं. त्यामुळे आमच्या काठावर सुरक्षित जलप्रवासाचा कार्यक्रम ठरला. मांडव घातला. स्टेज बोटीपेक्षा मोठं होतं. पाण्यावर माणसाचा तोल जावा तसा माझा आशेवर जातो. मी विद्यार्थ्यांना घेऊन गेले.

काठावर लोखंडी पाटी लावली होती. वर देणाऱ्याचं नाव मोठ्या लाल अक्षरांत, खाली निळ्या अक्षरांत सूचना. त्यातली पहिली सूचना, बोटीत उभे राहू नये. ती वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी वर्षं जे मी एकटी म्हणत होते ते आता लोखंडावर लिहिलेलं होतं.

प्रात्यक्षिकासाठी बोटीत गावातले लोक बसवले होते. सगळ्यांच्या अंगात नारिंगी जॅकेट, सगळे बसलेले, दोन्ही बाजूंना सारखे. माझ्या घमेल्यातल्या वाटीसारखे. सासरे पुढच्या फळीवर, मिशांना तेल लावून. तासभर ते तसे बसले, कारण प्रमुख पाहुणे उशिरा आले. मग गाड्यांचा ताफा दिसला आणि माईकवरून घोषणा झाली, मान्यवरांचं आगमन होत आहे, सर्वांनी उभं राहून त्यांचं स्वागत करावं.

पाटीखाली बांधलेली बोट अख्खीच्या अख्खी उठून उभी राहिली आणि काठाच्या बाजूला कलली.

कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. पाहुण्यांनी हात हलवला, बोटीला बांधलेली फीत कापली आणि पाण्याचा मान राखा, पाण्याशी खेळू नका, अशा अर्थाचं भाषण केलं. ते स्वतः बोटीत चढले नाहीत. तेवढी एक सूचना त्यांनी पाळली.

जॅकेटं मात्र लोकांनी वापरली. तसं मला खोटं लिहायचं नाही. डिसेंबरात तर आवडीनं घालायचे, ऊब यायची. मला वाटलं, निदान एवढं तरी झालं, आता सासरे पडले तरी तरंगतील. पहिल्याच खेपेला उंबर आणि खाच एका रेषेत आली, इंजिन बंद झालं, लोकांनी चपला काढल्या. मग पट्ट्यांच्या क्लिपा टकटक उघडल्याचा आवाज सगळ्या बोटीत आला. सगळ्यांनी जॅकेटं काढून फळीवर ठेवली. नंतर हात जोडले.

“मामा, जॅकेट का काढलं?”

“देवाम्होरं कमरंला पट्टा घालून उभं ऱ्हायाचं?” ते म्हणाले. “देवळात आपण पट्टा काडतो का न्हाई?”

सगळ्या प्रवासात जॅकेट अंगात असायचं आणि ज्या वेळी ते हवं त्या वेळी फळीवर. नमस्कार झाला की परत नीट घालायचे. क्लिप लागत नसेल तर सासरे माझ्याकडून लावून घ्यायचे. या बाबतीत ते फार शिस्तीचे होते.

पुढं दोन पावसाळे वाईट गेले. त्या उन्हाळ्यात पाणी इतकं खाली गेलं की बोट चिखलात बसली आणि जुनं गाव वर आलं. भिंतींचे पाय, जोती, वाळलेली बाभळीची खोडं, सगळं गाळाच्या रंगाचं. लोक बघायला आले, ज्यांचं होतं ते आणि ज्यांचं नव्हतं तेही. भेळेची गाडी लागली. आम्ही सासऱ्यांना घेऊन गेलो. ते काठी टेकत तडकलेल्या गाळावरून चालत होते आणि रिकाम्या जागा दाखवत होते. हे कुणाचं घर, ही कुणाची गोठ्याची भिंत.

आम्ही उंबर आणि खाच बघत बघत नमस्काराच्या जागेवर आलो. तिथं देऊळ नव्हतं. चार बाजूंनी दगडाची बुटकी भिंत होती आणि तिला एकच अरुंद तोंड. देवळाची दीपमाळ पार पलीकडे, दुसऱ्या अंगाला उभी होती, इतकी लांब की तिच्याजवळची माणसं ओळखू येत नव्हती.

सासरे भिंतीला हात लावून उभे राहिले.

“हे काय आहे मामा?”

“कोंडवाडा,” ते म्हणाले.

म्हणजे लोकांची उनाड गुरं पकडून डांबायची जागा. झालं असं होतं की, जुना उंबर पहिल्या काही वर्षांतच पाण्यानं कुजून पडला होता. काठावर पुढं दुसरा उंबर होता. खूण म्हणून तो कधी धरला जाऊ लागला हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. एवढी वर्षं अख्खं गाव जिवावर उदार होऊन, चपला आणि जॅकेटं काढून, गुरांच्या कोंडवाड्याला नमस्कार करत होतं. त्यात आमच्या घराचा मान पहिला.

मला हसू आवरेना, पण खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं. आता तरी. खाली देव नाही हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, माझ्या शेंगदाण्यांची गरज उरली नव्हती. दुधाच्या बाईनंही कपाळावर हात मारला.

पाऊस आला, पाणी चढलं, बोट सुरू झाली. पोळ्याच्या आसपास आम्ही सासऱ्यांना घेऊन पार होत होतो. उंबर आणि खाच रेषेत आली. मी निवांत बसले होते. बोटवाल्यानं इंजिन बंद केलं.

“भाऊ, इथं कोंडवाडा आहे,” मी म्हणाले.

“ठावं हाय बाई.”

सगळे उठले. चपला, क्लिपांचा टकटक आवाज, डावीकडे. सासऱ्यांनी बाटली काढली. मी सवयीनं सदरा धरला.

“मामा, अहो, कोंडवाडा!”

“इतकी वर्सं हात जोडलं ह्या जागंला,” ते न वळता म्हणाले. “आता तोंड फिरवून जायाचं? लई वंगाळ दिसंल.”

चार थेंब पडले. सगळे बसले, इंजिन सुरू झालं. मग बोट पार पलीकडे, वाट सोडून दीपमाळेच्या अंगाला वळली आणि तिथं पुन्हा इंजिन बंद झालं. तिथं उजव्या बाजूला नमस्कार करायचा होता. सगळे माझ्या बाजूला आले. दुधाची बाई माझ्या खांद्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, सरका वाईच. ह्यो खरा.”

तेव्हापासून बोट दोनदा थांबायची. मी काही बोलायचं सोडून दिलं. फक्त सदरा धरायचे, आधी डावीकडे आणि मग उजवीकडे. त्या हंगामात दोन-तीन सदरे माझ्या हातून उसवले, ते मीच शिवले.

एका वैशाखात सासऱ्यांना घरीच लकव्याचा झटका आला. मंचरच्या दवाखान्यात ते बरेच दिवस होते. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. डॉक्टर म्हणाले, आता खोलीवरच ठेवा. आम्ही ठेवलं, पण ते रोज दाराकडे बघून डाव्या हातानं एकच खूण करायचे. शेवटी नवरा म्हणाला, नेऊ या.

तोवर पावसाळा लागून पाणी भरपूर झालं होतं. बोटवाल्यानं आणि नवऱ्यानं त्यांना उचलून इंजिनापुढं आडव्या टाकलेल्या फळीवर बसवलं, मागं हिरड्याचं पोतं टेकायला दिलं. मी त्यांना जॅकेट घातलं, सगळ्या क्लिपा लावल्या, पट्टा ओढून बघितला. बरोबर मधोमध, बसलेले, जॅकेट घातलेले. पाटीवर लिहिलं होतं अगदी तसे. मी इतकी वर्षं जे मागत होते ते सगळं मला एकदम मिळालं होतं, आणि त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती ती मी पदरानं पुसत होते.

पहिल्या जागेवर इंजिन बंद झालं. सगळे उठले. सासऱ्यांनी उठायचा प्रयत्न केला. नुसता एक खांदा हलला. जॅकेट काढायला त्यांनी डावा हात क्लिपेकडे नेला, त्यांना ती उघडेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी क्लिप उघडली नाही.

मग त्यांनी तो हात खिशात घातला आणि बाटली काढून माझ्यापुढं धरली.

“तू,” ते म्हणाले. नंतरचं नीट कळलं नाही, पण कळायची गरज नव्हती.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पाण्याकडे बघत हात जोडून उभा होता. बोटवाला थांबला होता, कुणी बसत नव्हतं, तेल पडेपर्यंत बसायचं नसतं. बोट डावीकडे कललेली. जितका वेळ मी बसून राहीन तितका वेळ ती तशीच राहणार होती.

मी बाटली घेतली आणि फळी सोडून उठले. आयुष्यात पहिल्यांदा त्या बोटीत उभी राहिले. बोट पायाखाली जिवंत वाटली. दोन पावलं टाकून मी काठाशी गेले, पाणी जवळ आलं, त्यात आकाश आणि माझं जॅकेट दिसलं. मी वाकणार तेवढ्यात मागून कुणी तरी माझ्या साडीचा पदर घट्ट धरला. वळून पाहिलं तर तो सासऱ्यांचा डावा हात होता.

“बाई,” दुधाची बाई हळूच म्हणाली, “चपला.”

मी चपला काढल्या.